फोटोसाठी घेतलेली गाडी

माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या फोटोत सगळे आहेत. मेव्हणे आहेत, त्यांच्या बायका आहेत, पुढं मांडी घालून बसलेली पोरं आहेत, आणि सासऱ्यांच्या उजव्या हाताला, जिथं त्यांची एकुलती एक लेक उभी राहायला हवी होती, तिथं पोस्टमास्तरांची बायको उभी आहे. हसतेय. तिचं कोण लागतं त्या घरात, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

एकुलती एक लेक म्हणजे माझी बायको प्रेमला. ती त्या वेळी आळेफाट्यावर माझी पाठ चोळत होती. मला एस.टी. लागते. यात एस.टी.चा काही दोष नाही, माझ्या पोटाचा आहे. चंदनापुरीचा घाट चढतानाच माझं पोट वर यायला लागतं आणि फाट्यापर्यंत ते पूर्ण वर आलेलं असतं. 'जरा उतरून बरं वाटेल' म्हणून आम्ही उतरलो, बस गेली, आणि पुढं पारनेरपर्यंत आम्ही कांद्याच्या ट्रकमधून गेलो. प्रेमला शालू नेसून पोत्यांवर बसली होती. पोचलो तेव्हा फोटोग्राफर जेवून विडा चघळत होता.

त्यानंतर सहा वर्षांनी नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं. निरोप आला त्याच संध्याकाळी प्रेमलानं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि सांगितलं, "नाना आता थकलेत. या फोटोत मी असणार. कशानं जायचं ते तुम्ही ठरवा. एस.टी. नाही आणि कांदे नाहीत."

एवढं बोलून तिनं आमटी वाढली. माझ्या बायकोचं हे असं आहे, तिला आवाज चढवावा लागत नाही.

मी संगमनेरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्यामुळं गाडी घ्यायची तर ती विचारानं घ्यायची हे ओघानंच आलं. उपयोग किती, जिवाला धोका किती, आणि मनाला आवडते किती, या तीन गोष्टी तोलायच्या आणि जड पारड्यात बसून पारनेरला जायचं. वर्गात मी हे फळ्यावर इतकं सुंदर मांडलं असतं की काय सांगू! पण गाडी काही फळ्यावर मिळत नाही. नवीन गाडीसाठी नंबर लावायचा म्हटलं तर तो नानांच्या शंभरीला लागला असता. म्हणजे जुनी बघणं आलं, आणि जुनी बघायची म्हणजे सगळं गाव बघायला येणं आलं.

आमच्या शेजारी आप्पासाहेब राहतात. ऊसवाले बागाईतदार, पोरांच्या शाळेसाठी गावात बिऱ्हाड केलेलं. त्यांच्या दारात गाडी नाही, ट्रॅक्टर आहे, पण सल्ला द्यायला त्यांचं काही अडत नाही.

"सर, गाडी घ्याची तर इंजिन बघू नका. टप बघा. टपावर चार पोती बसली तरच ती गाडी. न्हाईतर नुसता खटारा."

"आप्पासाहेब, मला पोती न्यायची नाहीत. बायको न्यायची आहे."

"आज बायकू हाय, उद्या पोती हायेत," ते म्हणाले. यावर तर्कशास्त्रात उत्तर नाही.

मला स्वतःला फियाट हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या एका कापडवाल्याला आपली सायीच्या रंगाची फियाट विकायची होती. आत लाल बैठक. मी कॉलेजला जाताना मुद्दाम त्या बोळातून जायचो. तिच्या आरशात पाहिलं की मी मला जरा बरा दिसायचो.

प्रेमलाची गाडी तपासायची पद्धत निराळी होती. तिनं पातेलंभर कढी केली, वर झाकण न ठेवता मांडीवर घेतली आणि मागं बसली. "चला, एक चक्कर मारून आणा," म्हणाली. कापडवाले स्वतः चालवत होते. पुलापाशी म्हैस आडवी आली, कापडवाल्यांनी कचकन ब्रेक दाबला, आणि लाल बैठक पिवळी झाली. कापडवाले रडकुंडीला आले. मी दिलगिरी व्यक्त करत होतो, तर प्रेमला शांतपणे पातेलं पुसत होती.

"गाडीत काही वाईट नाही," घरी आल्यावर ती म्हणाली. "पण हिच्यात बसलं की माणसाला घाई होते. ते एवढे सज्जन गृहस्थ, पण कसे चालवत होते! आणि तुम्ही तर न घेताच आरशात बघायला लागलात."

एखाद्या प्राध्यापकाचा याहून अपमान काय व्हायचा? मी दोन तास बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मग बेलापूरच्या एका व्यापाऱ्याची अँबॅसडर बघितली. गाडी कसली, दिवाणखाना होता! कढीवर साधी लाट उठली नाही. मी मनातल्या मनात सायीचा रंग पुसून टाकला आणि हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात व्यापारी म्हणाले, "एकच अट आहे, सर. लग्नसराईत गाडी आमच्याकडं यायची. गावातल्या सगळ्या नवरदेवांना शब्द दिलेला आहे." म्हणजे पैसे माझे, गाडी माझी, आणि नानांचा कार्यक्रम ऐन लग्नसराईत असताना तिच्यात बसून मिरवणार बेलापूरचे नवरदेव! आम्ही कढी घेऊन परत आलो.

दिवस भराभर जात होते. प्रेमलानं फोटोसाठी नेसायचं लुगडं काढून इस्त्रीला टाकलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही, नुसतं ते लुगडं माझ्या टेबलाशेजारच्या खुंटीवर टांगलं. मी पेपर तपासायला बसलो की ते माझ्याकडं बघायचं.

शेवटी आप्पासाहेबच म्हणाले, "सर, नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव हाय. जीप घ्या. रस्ता असला तरी चालती, नसला तरी चालती." बरोबर त्यांनी छगन मिस्त्रीला घेतला. छगन कुठल्याही गाडीला कान लावायचा आणि "हिला खोकला हाय" असं काहीतरी सांगायचा. निम्म्या वेळा ते खोटं निघायचं, पण सांगायचा अशा गंभीरपणे की आपल्यालाच खोकला येईल.

लिलावाला ही गर्दी! मी एका टोकाला उभा राहिलो, आप्पासाहेब दुसऱ्या टोकाला. एका जीपेवर छगननं मान डोलावली. मी बोली लावली. लगेच तिकडून कुणीतरी वाढवली. मी पेटलो. खुंटीवरचं लुगडं डोळ्यांपुढं उभं राहिलं. काय वाटेल ते होवो, या माणसाला आज जीप मिळू द्यायची नाही! मी वाढवत गेलो, तोही वाढवत गेला. बाकीचे केव्हाच गप्प झाले होते आणि कुस्ती बघावी तसे बघत होते. अखेर जीप माझी झाली. मी विजयी मुद्रेनं गर्दीतून पुढं गेलो तर समोरून आप्पासाहेब घाम पुसत आले.

"सर, एक माणूस लई चिवट निघाला बघा. तुमच्यासाठी लई झुंजलो, पर त्यानं न्हाई सोडली."

तो चिवट माणूस मीच होतो हे त्यांना सांगावं की नाही, हा विचार करत मी जीपेपाशी गेलो. तिथं आणखी एक गोष्ट कळली. मी नुसती जीप नव्हे, तिच्याबरोबरचा सगळा ढीग विकत घेतला होता. आणि त्या ढिगात जीपेच्या मागं जोडायची, दोन चाकांवरची पाण्याची टाकी होती. "टाकी नको," मी म्हणालो. "टाकी न्यावीच लागेल," तिथला माणूस म्हणाला. "जोडीनं आहेत." जणू काही मी त्यांचं लग्न मोडायला निघालो होतो.

छगननं जीपेला कान लावला. "इंजिन घोड्यावानी हाय, सर. पर दिवं येडं हायेत. एक्सलेटर दाबला तर पेटत्यात, पाय काढला की मिणमिणत्यात. तवा रातचं फिरू नका."

यानंतर सरकारी कचेरी. तिथल्या साहेबांनी सांगितलं की लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालणार नाही, तो बदला. ते ठीक. पण कारकुनानं टाकीची वेगळी नोंद करायला घेतली आणि मला विचारलं, "आसनं किती?"

"टाकीला आसनं नसतात. पाणी असतं."

"रकाना आहे, साहेब. काहीतरी भरावं लागेल."

"शून्य लिहा."

"शून्य आसनाला वाहन कसं म्हणणार?"

सबंध आयुष्य तर्कशास्त्र शिकवून मी त्या खिडकीपाशी हरलो. त्यांनी 'एक' लिहिलं. अजूनही कायद्यानं आमच्या टाकीत एका माणसाला बसता येतं.

रंगाचं काम कानिफनाथ पेंटरला दिलं. "माझ्याकडं एक राखी रंग उरलाय, सर. लई टिकाऊ. उनात उडत न्हाई, पावसात धुपत न्हाई." मी खूश झालो. टिकाऊपणा हा उपयोगाच्या सदरात येतो. जीप आणि टाकी दोन्ही राखी झाली. दुसऱ्या दिवशी छगननं शिकवल्यासारखी जीप हाकत मी बाजारातून गेलो तर भाजीवाल्यांनी हातगाड्या झटपट रस्त्याच्या कडेला घेतल्या, तेलाच्या दुकानदारानं मापं पुसायला काढली, आणि प्राथमिक शाळेचे एक गुरुजी सायकलवरून उतरून नमस्कार करून उभे राहिले. 'गावात आपली प्रतिष्ठा वाढली,' असं मी प्रेमलाला सांगितलं. ती पदरात तोंड लपवून इतका वेळ हसली की मला राग आला.

"अहो, हा रंग सरकारी जीपांचा आहे! त्यांच्यातलाच उरलेला असणार. लोकांना वाटतंय मोठे साहेब आले."

आता पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. कढीची परीक्षा तेवढी राहिली होती. ती झाली. सगळी कढी सांडली, माझ्या मानेवरसुद्धा. पण जीप खड्ड्यात गेली आणि खड्ड्यातून बाहेर आली, थांबली नाही. प्रेमला म्हणाली, "सांडली खरी, पण पोचलो ना? हीच न्यायची." आवडीचं पारडं असं एका वाक्यात माझ्या हातून गेलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पारनेरहून एकजण निरोप घेऊन आला. दुष्काळाचं ते साल, तिकडं विहिरींचे तळ दिसत होते. नानांनी सगळ्या पाहुण्यांना कळवलं होतं की आहेर आणू नका, आपापला तांब्या तेवढा भरून आणा. प्रेमला उठली आणि अंगणात उभ्या असलेल्या टाकीकडं बघत राहिली. आमच्या विहिरीला प्रवरेच्या काठामुळं अजून पाणी होतं.

"टाकी जोडा," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्या मांडवात लोक तहानलेले बसणार नाहीत."

पहाटे निघालो. चंदनापुरीचा घाट जीप कण्हत चढली, पण चढली. आणि काय आश्चर्य, माझं पोट जागच्या जागी! स्वतः चालवलं की गाडी लागत नाही म्हणतात ते खरं निघालं. मी चक्क शीळ घातली. आळेफाटा गेला, बेल्हे गेलं, प्रेमलानं घड्याळ बघून सांगितलं की आपण दुपारच्या जेवणाला पोचतो. त्या लुगड्यात ती फार छान दिसत होती. हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "समोर बघा."

समोर लाल फडकं होतं. टाकळीच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चाललेलं. बोटांना चिंध्या बांधून बायका खडी फोडत होत्या. जीप दिसताच मुकादम हातातली विडी टाकून धावत आला.

"या साहेब! हजेरी तयार हाय. काय बी गडबड न्हाई बघा कामात."

"मी साहेब नाही. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक आहे."

"व्हय साहेब," मुकादम म्हणाला. नाव त्याचं पुंजाराम. "पानी बी घिऊन आला, लई बरं केलं."

तेवढ्यात एक उंच, करकरीत आवाजाची बाई हातोडी टाकून उठली. "टँकर आला गं! उठा!" ही रतनबाई. आणि कुठून कुठून घागरी, हंडे, डालड्याचे रिकामे डबे बाहेर आले आणि जीपेभोवती उभे राहिले. मी पुन्हा सांगितलं की हा टँकर नव्हे, हे खासगी पाणी आहे, आम्ही सहस्रचंद्रदर्शनाला चाललो आहोत. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि रतनबाईनं विचारलं, "मंग तोटी कुनीकडं हाय?"

मी जीप मागं घ्यायचं ठरवलं. मागं टाकी जोडलेली असताना गाडी मागं घेणं ही एक भयंकर गोष्ट आहे. तुम्ही चाक उजवीकडं फिरवलं की टाकी डावीकडं जाते. डावीकडं फिरवलं की ती रागावून उजवीकडं जाते. थोड्याच वेळात टाकी रस्त्यावर आडवी झाली आणि जीप तिच्याकडं तोंड करून उभी राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सरकारी साहेबाची अशी फजिती बघायला मिळणं हेही त्यांना थोडं नव्हतं.

प्रेमला खाली उतरली.

"बाई, तू तरी सांग तुझ्या साहेबाला," रतनबाई तिला म्हणाली. आता ती हसत नव्हती. "परवापासनं टँकर फिरकला न्हाई. आमी म्हनत न्हाई समदी टाकी द्या. पर ही साळूबाई बघ, सकाळपासनं दगडाला टेकून बसलीय. जीभ टाळूला चिकटलीय म्हातारीची."

प्रेमलानं साळूबाईकडं बघितलं. मग घड्याळ बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. मला माझ्या बायकोची फार दया आली. सहा वर्षं तिनं त्या पोस्टमास्तरांच्या बायकोचा हसरा चेहरा भिंतीवर बघितला होता.

"तोटी उघडा," ती म्हणाली.

"अगं, फोटो..."

"तोटी उघडा म्हणते ना!"

मी तोटी उघडली. पहिला तांब्या साळूबाईला गेला. ती प्याली, थांबली, परत प्याली. मग प्रेमलानं पदर खोचला आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. "एकेक घागर. ढकलाढकली केली तर बंद करीन." लष्कराची टाकी भली मोठी, पण तोटी करंगळीएवढी. एक घागर भरायला लागणारा वेळ बघून मला रडू येत होतं. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. पारनेरला पंगत बसली असेल, उठली असेल. फोटोग्राफरनं खुर्च्या मांडल्या असतील. प्रेमला एकदाही घड्याळाकडं बघत नव्हती, यावरून ती किती बघत होती ते मला कळत होतं.

शेवटी तोटीची धार बारीक झाली. पुढं आणखी दोन-चार हंडे होते, पण रतनबाईनंच हात आडवा धरला.

"बास! बाई, माहेराला चाललीस ना? मंग एक घागर ठिव. रिकाम्या हातानं बापाकडं जाऊ नगं." तिनं स्वतःचीच भरलेली घागर प्रेमलापुढं केली. प्रेमला नको नको म्हणत राहिली. रतनबाईनं कमरेच्या डबीतलं कुंकू काढून तिच्या कपाळाला लावलं आणि कामावर खायला मिळालेली मूठभर सुकडी तिच्या ओटीत घातली. प्रेमला तिच्या गळ्यात पडून रडली. मी इंजिनात काहीतरी बघितल्यासारखं केलं.

मग त्या सगळ्या बायकांनी टाकी सोडली, उचलल्यासारखी फिरवली आणि पुन्हा सरळ जोडून दिली. मी मदत करायला गेलो तर रतनबाई म्हणाली, "साहेब, तुमी बसा वर. तुमी हात लावला की ती आडवी हुती."

पारनेरला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. नानांच्या दारात मांडव, आणि मांडवापुढं हे काय? सगळं घर रांगेत बसलेलं आणि उभं होतं. पोरं पेंगत होती, मेव्हणे कावले होते. मधल्या खुर्चीत नाना, शाल पांघरून, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ. त्यांच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती.

"दुपारपासून कुणाला उठू देत नाहीत," थोरला मेव्हणा माझ्यावर खेकसला.

"पोस्टमास्तरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या," नाना म्हणाले. "त्यांना म्हटलं, बाई, या खेपेला मागं. इथली माणसं वाटेत आहेत."

प्रेमला घागर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. लुगडं भिजलेलं, केस विस्कटलेले. "नाना, मांडवासाठी भरलेली टाकी आणत होते. एवढंच राहिलं. वाटेत बायका..."

नानांनी घागरीतलं पाणी पेल्यात घ्यायला लावलं आणि सावकाश प्याले. "चांगलं केलंस," म्हणाले. "ये, उभी राहा. पाय दुखले माझे बसून."

पण नगरहून आलेला फोटोग्राफर कॅमेऱ्याचा स्टँड मिटत होता. "उजेड गेला, काका. आता काही येणार नाही. दिवसाचा फोटो म्हणून मी फ्लॅश आणलेला नाही." प्रेमला त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवला. तिथून ती हलणार नव्हती, हे मला दिसत होतं.

मी जीपेत चढलो. जीप त्यांच्या समोर आणून उभी केली आणि दिवे लावले. ते मिणमिणले. मी एक्सलेटर दाबला. लख्ख उजेड पडला! पोरं ओरडली, फोटोग्राफर धावत कॅमेऱ्याकडं गेला. "साहेब, असंच! पाय काढू नका!"

"अरे, पण मी जावई आहे! मलाही..." मी पाय काढून उतरायला गेलो, तर सगळं घर अंधारात बुडालं.

"पाय!" सगळे एकदम ओरडले. त्यात प्रेमलाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मी पुन्हा दाबला आणि दाबून धरला, इंजिनाचा आवाज सगळ्या पारनेरात घुमेपर्यंत.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. पुढच्या वर्षी नाना गेले, त्यामुळं त्याच्यानंतर नानांचा दुसरा फोटो नाही. सगळ्यांचे डोळे दिव्यांनी बारीक झालेत. नाना मात्र थेट उजेडाकडं बघतायत. त्यांच्या उजव्या हाताला प्रेमला आहे, कपाळावर रतनबाईचं कुंकू. मागच्या रांगेत पोस्टमास्तरांची बायकोसुद्धा आहे. मीच तेवढा कुठं नाही.

येणारेजाणारे विचारतात, "आणि सर कुठं आहेत यात?"

मी तोंड उघडायच्या आत प्रेमला सांगते, "ते समोर जीपेत आहेत. त्यांनी पाय दाबून धरला म्हणून तर आम्ही सगळे दिसतोय."

मग मी सगळ्यांना चहा सांगतो.